दहाच्या आधीचा आवाज

नागपुरात लग्नासाठी लॉन बुक करायला गेलं की मॅनेजर एक छापील कागद पुढे सरकवतो. खुर्च्या किती, कुलर किती, जनरेटरचं डिझेल कोणाचं, बाहेरचा केटरर आणला तर वरचे पैसे किती, फटाके कुठे फोडायचे, उरलेलं अन्न कोणी उचलायचं, सोफ्याचं कापड फाटलं तर डिपॉझिटमधून किती कापणार. वधूपक्षाची खोली, वरपक्षाची खोली, चाव्या कोणाकडे. सगळं असतं त्यात. आणि खाली कुठेतरी एक ओळ असते: ‘रात्री १० नंतर साउंड बंद राहील.’ आवाजाबद्दल एवढंच. वर्धा रोडला जा, काटोल रोडला जा, कोराडी रोडला जा नाहीतर मानेवाड्याहून बेसाकडे वळा, ती ओळ फारशी बदलत नाही.

आमच्या घरात जागा बघायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. लग्न असो, साठीशांत असो, कोणाचं डोहाळजेवण असो. त्यामुळे हे कागद मी बरेच वाचले आहेत आणि त्या एका ओळीपाशी माझं मन दर वेळी अडतं. दहानंतर काय करायचं नाही, हे लॉनवाल्याला माहीत आहे, डीजेला माहीत आहे, ठाण्यातल्या हवालदाराला माहीत आहे. दहाच्या आधी चार तास त्या लॉनमध्ये जे होतं त्याचा हिशोब मात्र कोणाकडेच नाही. जणू दहाच्या आधीचा आवाज कानाला लागतच नाही.

कायदा असं म्हणत नाही. ध्वनिप्रदूषणाचे आपले नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो; दवाखान्यांनी भरलेल्या धंतोलीच्या गल्ल्यांतून एकदा चालून या, म्हणजे या १०० मीटरचा अर्थ कळेल. लाउडस्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. खासगी जागेत लावलेल्या साउंडचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर, तिथल्या ठरलेल्या पातळीपेक्षा ५ डेसिबलहून जास्त भरता कामा नये. म्हणजे रहिवासी भागातल्या लॉनच्या कंपाउंडवर संध्याकाळी सात वाजतासुद्धा ६० डेसिबल ही हद्द आहे. ६० म्हणजे दोन माणसांचं जवळ बसून चाललेलं साधं बोलणं.

आता मोकळ्या जागेतला आवाज कसा उतरतो ते बघा. स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी होतात. ५ मीटरवर १०० असेल तर १० मीटरवर ९४, २० वर ८८, ४० वर ८२ आणि ८० मीटरवर ७६. स्पीकरचं तोंड आत वळवलं, मध्ये पक्की भिंत आली, तर आणखी थोडा उतरतो. पण वस्तीला लागून असलेल्या लॉनमध्ये स्टेजसमोर १०० डेसिबल वाजवायचे आणि कंपाउंडवर ६० ठेवायचे, हे गणित कोणत्याच लॉनच्या आकारात बसत नाही. त्याला अर्धा किलोमीटर मोकळं रान लागेल.

तरीही माझी तक्रार शेजाऱ्यांपुरती नाही. शेजाऱ्याला निदान ११२ वर फोन करता येतो. सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल त्याच्या बाजूनं आहे, हे नियम त्याचा विचार करूनच केलेले आहेत. मोजमाप होतं तेही कंपाउंडच्या रेषेवर. कंपाउंडच्या आत जो माणूस बसला आहे, ज्याला पत्रिका देऊन, ‘नक्की यायचं हं’ म्हणून बोलावलं आहे, त्याच्या कानाजवळ कोणी मोजत नाही. आणि जो तिथे ताट घेऊन उभा आहे, त्याच्या कानाचा तर विचारच कुठे लिहिलेला नाही.

माझे मामा शहरातल्या एका कापड गिरणीत मागाच्या खात्यात होते. मागाच्या खात्यातला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. तिथली माणसं ओठ वाचून आणि हातवारे करून बोलायची, घरी आल्यावरही तसंच बोलायची. मामांचे कान पन्नाशीच्या आतच गेले. पण त्या गिरणीत आवाज हा कामाचा भाग आहे हे निदान सगळ्यांना मान्य होतं, आणि महिन्याच्या शेवटी त्याचा पगार तरी होता. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत आज ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी निऑश ही संस्था आणखी कडक आहे: ८ तासांसाठी ८५, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा, १०० ला १५ मिनिटं. हे ३ डेसिबल ऐकताना जेमतेम जाणवतात, पण कानावर पडणारी ऊर्जा दर ३ डेसिबलला दुप्पट होते. शंभराच्या आवाजात तीन तास काढले की या हिशोबानं बारा दिवसांची वाटणी एका संध्याकाळी संपली.

मागे नात्यातल्या एका लग्नात मामा आले होते. रिसेप्शनला. ऐंशी उलटलेला माणूस, कानाला मशीन. आईला, म्हणजे त्यांच्या बहिणीला, ते बऱ्याच दिवसांनी भेटत होते, दोघं जेवणाच्या भागात एका टेबलाला बसले. डीजेचा एक टॉप, म्हणजे वरच्या सुरांचा स्पीकर, बरोबर त्या टेबलाकडे तोंड करून. मशीन जवळचा आवाज मोठा करतं, आणि तिथे सगळ्यात जवळचा आवाज डीजेचा. मामांनी दोनदा तिचं बटण खालीवर केलं, मग काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. ‘मले काहीच ऐकू येऊन नाही रायलं,’ म्हणाले, मोठ्यानं, कारण स्वतःचा आवाजही त्यांना येत नव्हता. मग दोघं जेवले. आईनं त्यांच्या पानात गुलाबजाम वाढला, त्यांनी मान हलवली. बोलणं झालंच नाही.

लग्नाला माणूस कशाला येतो? जेवण घरीही मिळतं. तो माणसं भेटायला येतो. मैफलीला तिकीट काढून गेलेला माणूस आवाज निवडून गेलेला असतो, नकोसं झालं तर उठूनही जातो. पाहुण्याला उठता येत नाही. आहेर द्यायचा असतो, फोटोच्या रांगेत थांबायचं असतं, यजमानाला भेटल्याशिवाय निघणं बरं दिसत नाही. मांडीवर तान्हं पोर असलेली बाईही तिथेच असते. म्हणून मैफलीचा माप लग्नाला लावू नये असं मला ठाम वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या मार्चमध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी सुरक्षित आवाजाचं एक मानक काढलं. त्यातली वरची हद्द १०० डेसिबल आहे, पंधरा मिनिटांची सरासरी धरून. तीही वरची हद्द, लक्ष्य नाही, आणि मुख्यतः संगीत ऐकायला जमलेल्या लोकांसाठी. फ्रान्सनं २०१७ मध्ये १०२ ची हद्द घातली, पण सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या कार्यक्रमांना ९४ ची वेगळी. मला ही वेगळी हद्द फार महत्त्वाची वाटते. आपल्या प्रत्येक समारंभात सहा वर्षांखालची मुलं असतात, आणि ती कुठे असतात? बेसच्या खोक्यासमोर. छातीत धडधड होते ती त्यांना आवडते, म्हणून तिथेच नाचतात.

त्या धडधडीबद्दल थोडं. आपण डेसिबल म्हणतो तेव्हा बहुधा ‘ए’ मापानं मोजलेले असतात. हे माप कानाच्या ऐकण्याच्या स्वभावाला धरून खालचे सूर कमी मोजतं. ६३ हर्ट्झच्या आसपासच्या सुराचे तर साधारण २६ डेसिबल ते वजाच करतं. त्यामुळे कागदावर आकडा बरा दिसतो आणि शेजारच्या घराच्या खिडक्या वाजत असतात. बेस भिंतीतून जातो, पडद्यांना जुमानत नाही. त्यासाठी ‘सी’ मापानं वेगळं मोजावं लागतं. फ्रान्सच्या नियमात ‘सी’चीही हद्द आहे, आपल्याकडे नाही.

आमच्या भाचीच्या लग्नाच्या वेळी मी ठरवलं की आवाजाची बोलणी बुकिंगच्या टेबलावरच करायची. रात्री साडेनऊला डीजेच्या मिक्सरजवळ जाऊन हात जोडण्यात काही अर्थ नसतो. तोपर्यंत अर्धी वरात अंगात आलेली असते, आणि डीजेवाल्याला पाच दिशांनी पाच हुकूम मिळालेले असतात.

आधी जागा. लॉन घ्यायचं की एसी हॉल, हा प्रश्न वैशाखातल्या लग्नात उन्हावरच सुटतो, पण आवाजाच्या बाजूनंही त्याचा विचार व्हायला हवा. लॉनवर आवाज पसरून जातो. मागे सरकलात तर खरोखर कमी होतो. बंद हॉलमध्ये तसं नाही. ग्रॅनाइटची फरशी, काचेच्या भिंती, पीओपीचं छत, सगळ्यांवरून आवाज परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. स्पीकरपासून थोडं अंतर गेलं की पुढे कितीही मागे जाऊन बसा, तो तेवढाच राहतो. नाटकाच्या सभागृहात गादीच्या खुर्च्या, पडदे, बसलेली माणसं आवाज शोषून घेतात. म्हणून देशपांडे सभागृहात शेवटच्या रांगेतही शब्द कळतो. बँक्वेट हॉलमध्ये शोषायला काही ठेवलेलंच नसतं. आणि नियमांत दहानंतरची बंदी बंद सभागृहांना, बँक्वेट हॉलना लागू होत नाही, आवाज आतल्या आत राहत असेल तर. म्हणून ‘बारापर्यंत चालेल’ म्हणून हॉल घेतात. शेजारी सुटतो, आतला माणूस दोन तास जास्त सापडतो. मी लॉन घेतलं.

मोकळ्या वेळी मी तिथे गेले, आदल्या दिवशी दुसऱ्यांचा कार्यक्रम सुरू असतानाही एक चक्कर मारली. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप होतं. आपल्याच शहरात नीरी या पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या संस्थेचं मुख्यालय आहे, राज्यातल्या शहरांचा आवाज मोजायचं मोठं काम तिथल्या लोकांनी केलं आहे, आणि ‘नॉइज ट्रॅकर’ नावाचं त्यांचं ॲपही आहे. मोबाइलचा माइक फार मोठ्या आवाजात थिटा पडतो, त्याचा आकडा पंचायतीत पुरावा म्हणून मांडू नये. पण कुठे जास्त, कुठे कमी, हे तो बरोबर सांगतो. स्टेजसमोर आकडा शंभराच्या आसपास हलत होता. पाणीपुरीच्या काउंटरवर नव्वदीच्या वर. मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते नुसत्या कुलरच्या रांगेचं. संगीत थांबलं होतं तेव्हाही तिथे सत्तरीच्या वर भरत होतं. म्हणजे बोलायला माणूस आधीच आवाज चढवतो. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो हे एत्येन लोम्बार्द या फ्रेंच डॉक्टरानं १९११ मध्ये लिहून ठेवलं आहे. कुलरवर माणसं चढतात, माणसांवर डीजे चढतो, डीजेवर अँकर. सुरुवात कुलरपासून करायची हे मी त्या रात्री ठरवलं: जेवणाच्या टेबलांना चिकटून कुलर नको, थोडे लांब, कडेला.

मग साउंडवाला. या माणसाबद्दल मला आदर आहे. तिशीतला आहे, स्वतःचं सामान आहे, आणि आपल्या कामात हुशार. मी म्हटलं, नाचायच्या जागेवर ९५ च्या वर सरासरी जायला नको आणि जेवणाच्या भागात माणसांना सरळ बोलता आलं पाहिजे. तो म्हणाला, ‘ताई, आवाज कमी केला तर पोट्टे नाचत नाही ना. मग तुमचेच पाहुणे म्हणते, साउंडमध्ये दम नव्हता.’ त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याचं पुढचं काम त्या पाहुण्यांतूनच मिळणार असतं. मी त्याला विचारलं, दम आवाजातच असतो की नेमका कुठे पडतो त्याच्यात असतो? या प्रश्नावर तो खुलला. पुढचा तासभर तो मला लॉनवर फिरवत होता.

टॉप जमिनीवर किंवा स्टेजच्या कडेला ठेवले की पुढच्या रांगेच्या कानात थेट शिरतात, आणि मागच्यांना ऐकू यावं म्हणून आणखी वाढवावे लागतात. त्यानं ते स्टँडवर डोक्यांच्या वर चढवले, तोंड थोडं खाली झुकवलं, नाचायच्या चौकाच्या मध्यावर रोखलं. जेवणाकडे बघणारा टॉप काढूनच टाकला. तिथे दोन छोटी खोकी वेगळ्या लाइनवर, शहनाई आणि सूचना ऐकू येतील एवढी. बेसची खोकी नेहमी भिंतीच्या कोपऱ्यात असायची. कोपऱ्यात बेस फुगतो, फुकटचा मिळतो, आणि भिंतीपलीकडे जातो. ती त्यानं कोपऱ्यातून बाहेर घेतली. खोक्यांपुढे तीन मीटर सोडून फुलांच्या माळेची दोरी बांधली, मुलं पलीकडे जाऊ नयेत म्हणून. डेकोरेशनवाल्यानं ती इतकी छान केली की कोणाला ती अडवणूक वाटली नाही.

शेवटी त्यानं मिक्सरच्या मास्टर फेडरजवळ, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या कळीजवळ, पांढऱ्या टेपची एक चिंधी चिकटवली. मी चौकाच्या मध्यभागी मीटर धरून उभी, तो हळूहळू फेडर वर सरकवतोय, मी हात केला तिथे टेप. ‘याच्यावर नाही जात,’ म्हणाला. हे टेपचं महत्त्व मला त्यानंच समजावलं. दर गाण्याला थोडं थोडं वाढतंच. मोठ्या आवाजात तासभर काढला की कान बधिर होतात, साउंडवाल्याचेही, आणि मघाचा आवाज कमी वाटायला लागतो. कोणी मुद्दाम वाढवत नाही. कानच फसवतो. टेप फसत नाही. आणि एक ठरलं: फेडरबद्दल बोलायचा अधिकार एकट्या माझ्या भाच्याला. बाकी कोणी मिक्सरपाशी आलं तर साउंडवाल्यानं भाच्याकडे बोट दाखवायचं.

पोट्टे नाचले. चांगले घामाघूम होईपर्यंत नाचले. जेवणाच्या भागात बायकांची हसणी ऐकू येत होती. मामांचं मशीन कानातच होतं. ते आणि आई बराच वेळ बसले होते, पलीकडच्या टेबलावर त्यांचे गिरणीतले एक जोडीदार होते, तेही येऊन बसले. लॉनच्या मागे एक खोली आम्ही रिकामी ठेवली होती, गाद्या घालून, तिथे बाळं आणि डोकं धरलेली माणसं जाऊन बसत होती. त्या आरोग्य संघटनेच्या मानकातही अशी शांत जागा असावी असं लिहिलं आहे, पण आमच्या आजीच्या काळी प्रत्येक लग्नघरात अशी एक खोली असायचीच.

सगळं जमलं असं नाही. वरात रस्त्यावरून आली ती धुमालसह, आणि धुमाल हा नागपूरचा जीव की प्राण आहे. ते ताशे, तो कीबोर्ड, गाडीवर रचलेली खोकी. माझे पायही थांबत नाहीत, सांगते. पण रस्ता आमच्या बुकिंगमध्ये नव्हता आणि ती पार्टी वरपक्षाची होती. गेटपाशी चिंचोळ्या जागेत ती अर्धा तास थांबली तेव्हा गेटवरचा वॉचमन दोन्ही कानांवर हात ठेवून उभा होता. दुसरा अँकर. त्याच्या किंकाळीवर टेपचा उपाय चालत नाही. माइक तोंडाला लावून ओरडलं की क्षणभर आवाज कुठल्या कुठे जातो. त्यासाठी लिमिटर लागतो. मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये बसतो, ठरवलेल्या पातळीच्या वर जाऊ देत नाही. लॉनवाल्यानं स्वतःचा लिमिटर बसवून कुलूप लावलं तर कोणताही साउंडवाला आला तरी हद्द तीच राहील. मी लॉनवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘मॅडम, मी लावला तर गिऱ्हाईक बाजूच्या लॉनमध्ये जाईन.’ याचं उत्तर एकट्या लॉनवाल्याकडे मागणं अन्याय आहे. परवानगी देणाऱ्यांनी अर्जावरच लिमिटर आहे का, स्पीकरची तोंडं कुठे आहेत, हे विचारलं, तर रस्त्यावरच्या सगळ्या लॉनना एकच नियम लागेल आणि कोणाचं गिऱ्हाईक कोणाकडे जाणार नाही.

पण मला जास्त लागून राहिलं ते त्या साउंडवाल्याच्या हाताखालच्या पोराचं. एकोणीस-वीस वर्षांचा, केबल ओढतो, खोकी उचलतो, कार्यक्रमभर अ‍ॅम्प्लिफायरच्या रॅकजवळ उभा असतो. कानात कापसाचे बोळे. कापसानं जवळपास काहीच अडत नाही. मी विचारलं, रात्री घरी गेल्यावर कानात काही वाजतं का? ‘वाजते ना, शिट्टीसारखं. सकाळपर्यंत जाते.’ त्याला तो थकवा वाटत होता. वाढपी मुलांना विचारलं, तेही तेच म्हणाले. पाहुण्यांची एक संध्याकाळ असते. यांची तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत जवळपास प्रत्येक तिथी.

ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांनी मला हे असं समजावलं होतं: लॉनवरचं गवत एका रात्री तुडवलं गेलं तर पाणी मारल्यावर उभं राहतं, रोज तुडवलं तर तिथे माती दिसायला लागते. कानाच्या आतल्या शंखात प्रत्येक बाजूला पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं, तपासणीच्या आलेखात तिथे खड्डा पडतो. रोजच्या बोलण्यात लगेच कळत नाही. मग गर्दीत ‘स’ आणि ‘त’ निसटायला लागतात, माणूस ‘काय?’ जास्त वेळा म्हणायला लागतो. मामांचं असंच सुरू झालं होतं.

कानात घालायच्या फोमच्या प्लगची एक जोडी दहा-पंधरा रुपयांत मिळते. त्या पोराला मी ती तिथेच घालून दाखवली. गोळी बोटांत वळून वातीसारखी बारीक करायची. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोट लावून धरायची. बहुतेक जण नुसती कानाच्या तोंडाशी ठेवतात आणि म्हणतात, काही फरक पडत नाही. नीट बसली तेव्हा त्याचा चेहराच बदलला. ‘गाणं तर येऊन रायलं!’ म्हणाला. येतंच. मोठ्या आवाजाचं गाणं थोडं लांब गेल्यासारखं ऐकू येतं. मिक्सरवर बसणाऱ्याला फोम चालत नाही, कारण तो वरचे सूर जास्त दाबतो. त्याच्यासाठी सगळे सूर सारखे उतरवणारे, फिल्टरवाले प्लग असतात, जरा महाग. आमच्या लग्नात पान-बडीशेपेच्या टेबलावर प्लगची एक परडी ठेवली होती. मोठी माणसं लाजली, लहान मुलांच्या आयांनी घेतले, आणि केटररच्या मुलांनी तर मूठभर नेले.

साउंडवाल्यानं नंतर स्वतःची तपासणी करून घेतली. डाव्या कानात ४००० ला खड्डा आहे, उजव्यात कमी. तो डावा कान स्टेजकडे करून बसतो. त्यानं मला तो कागद आणून दाखवला आणि फार वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, आता काम करता येईल ना? येईल, डॉक्टरांनी त्याला सांगितलंय. प्लग घालून, मध्ये मध्ये मिक्सर सोडून लांब जाऊन, मॉनिटरचं, म्हणजे त्याच्याकडे रोखलेल्या स्पीकरचं, तोंड वळवून. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं.

यंदा त्यानं दोन नवीन पोट्टे कामाला घेतले आहेत. कामाला लागण्याआधी त्यांचे कान तपासून कागद ठेवायचा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल, असं आमचं ठरलं आहे. ही तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, मेडिकलला होते, मेयोलाही होते; दोन्ही इथले सरकारी दवाखाने. अडचण एवढीच की तपासणीच्या आधी निदान चौदा तास कान शांततेत असावे लागतात, नाहीतर बधिर कानाचाच आलेख निघतो. गणपतीत यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, नवरात्रात गरबा, त्यानंतर तुळशीचं लग्न. मधला पितृपंधरवडा तेवढा रिकामा असतो. त्यातल्या दुसऱ्या आठवड्यातला एक दिवस धरला आहे. तिघांनाही घेऊन जायचं आहे, त्या कापसाच्या बोळ्यांवाल्यालाही.